फॉर्ममधले खरे-खोटे

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचे थेंब घातल्यामुळे एक बाई डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको त्याचा फॉर्म भरत होते. बाईंना दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

“मधुमेह किती वर्षं, विचारलंय.”

“पाच लिही.”

“धाकटीच्या लग्नात निघाला होता. तिची मुलगी आता सातवीत गेली.”

“मग चौदा लिही. डॉक्टरांना काय फरक पडतो?”

“त्यांना नाही, तुमच्या डोळ्यांना पडतो. जितकी जुनी साखर, तितका पडद्याला धोका. समोर भिंतीवर लिहिलंय. रक्तदाब?”

“तू बोलायला लागलीस की वाढतो.”

“म्हणजे कायमच. सिगारेट?”

“सोडली.”

“कधी?”

“आत्ता, दाराशी.”

“ओढतात, असं लिहिते. दिसण्यात काही फरक?”

“काही नाही. उत्तम लिही.”

पेन थांबलं.

“अहो, गेले सहा महिने दुकान उघडलं की डझनभर सुया ओवलेल्या असतात. कोण ओवून ठेवतं?”



“मला वाटलं, तुला कळलं नाहीये.”

“कळलं नसतं तर ओवल्या असत्या का?”

“धुरकट दिसतं. काळे ठिपके तरंगतात. उजव्यात जास्त. लिही.”

“लिहिते. हळू सांगा. अजून काही?”

“बायको फार आगाऊ आहे.”

“त्याला रकाना नाही. सही करा. इथे, माझं बोट आहे तिथे.”