शुक्राची पैज

त्या शेवटच्या साध्या रात्री जेवताना गिरिधरराव म्हणाले, "शुक्रावर वर्ष संपतं, तरी त्याची स्वतःभोवतीची एक फेरी पूर्ण होत नाही."

"बाबा, तुमचं आपलं काहीतरीच!" नूपुर हसली.

सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात ती धरमपेठेत तर्री-पोह्यांच्या ठेल्यापुढे उभी होती. रांगेत तिच्या पुढे बाबांच्याच हिंगण्याच्या कारखान्याचा गणवेश घातलेले दोघं होते.

"पोहे सांग गा नागसेन. हारला तू."

"अबे उन्मेष, पण फेरी वर्षापेक्षा मोठी कशी राहीन?"

"मोबाइलमध्ये पाह्यलं ना? शुक्र स्वतःभोवती लय हळू फिरते. तेवढ्यात सूर्याची चक्कर होऊन जाते."

"मले वाटलं, गिरिधरकाका फेकून राहिले."

"कंपनीच्या बसमध्ये सगळ्यायलेच वाटे. ज्यानं खोटं म्हटलं, त्यानं हारल्यावर काकाले पोहे चारायचे. चारलेच सगळ्यायनं! काका एकदाही हारले नाही."

"अन् या पैजेचे पोहे खाले आलेच नाही."

"म्हणून तर त्यायची प्लेट सांग म्हणतो."

"सांगतो ना. तर्री जास्त. काकाले तशीच लागे."

नूपुर पुढे झाली.

"त्या प्लेटचे पैसे मी देते."

"काहून जी मॅडम? हारलो तर मी."

"मीपण हरले. घरी. मी त्यांची मुलगी."

नागसेननं पाकीट परत खिशात ठेवलं. ठेलेवाल्यानं प्लेट पुढे केली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि भर रांगेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"बाबा, तुम्ही जिंकलात!"