पान सातवरची चौकट

‘शब्द गिळू नकोस, नीट वाच,’ हा दाढीच्या फेसातून आलेला वडिलांचा आवाज पन्नास वर्षांनीही अक्काच्या मनात ताजा होता. तेव्हा ती वडिलांना पेपर वाचून दाखवायची. आता धाकट्या भावाला, फोनवरून. भावाचं ऐकणं हळूहळू पार गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया करून कानात यंत्र बसवलं, आणि सराव करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज कुणीतरी फोनवर बातम्या वाचा, ओठ दिसता कामा नयेत. दुपारी तिच्या लॉन्ड्रीत गिऱ्हाईक नसे. अक्काने इस्त्रीच्या टेबलावर पेपर पसरला, तोच फोन वाजला.

“हॅलो?… मीच. दुसरं कोण उचलणार, इस्त्री?… जेवलास?… बरं, घे. ‘आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते नव्या रुग्णालयाचं उद्घाटन.’ म्हण… बरोबर… हो रे, तीच इमारत, तिसऱ्यांदा. या वेळी म्हणे खाटा आल्यात… डॉक्टर? डॉक्टरांचं काही लिहिलेलं नाही.

“पुढची. ‘रुग्णांच्या फोनला आता यंत्र उत्तर देणार’… छे, तुझी स्टँडवरची चौकशीची खिडकी कशी जाईल? बस चुकलेल्या माणसाला चिडायला समोर कुणीतरी लागतंच… काल? काचेआडून? आणि म्हातारीचं बोलणं तुला पहिल्याच वेळी कळलं?… परत विचारावं नाही लागलं?… वा रे वा.”

अक्काचा हात कागदावर उगाच फिरत राहिला, चुणी मोडावी तसा. पान सातवर खाली एक चौकट होती. भावाच्या कानातलं यंत्र बनवणारी कंपनी ते काम बंद करत होती. सकाळपासून चार वेळा वाचून झाली होती ती चौकट, आणि आज ती भावाला वाचून दाखवायची नाही, असं अक्काने ठरवलं होतं.

“अं? आहे ना, आहे… शेअर बाजार? आपले कुठे शेअर आहेत… बरं बाबा. ‘बाजार वधारला.’ झालं… कोण म्हणजे? सगळेच… अरे ऐक ना, हवामान घेऊ… नाही, वाफेने घसा बसलाय… काय?… पानं उलटल्याचा आवाज आला?… एकदम दोन-तीन?”

अक्काने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग परत कानाला लावला.

“इतकं बारीक ऐकू येतं तुला आता?… नाही, लपवत नाही… हो. हो, लपवत होते. थांब… ‘कानात बसवायच्या यंत्रांचा विभाग कंपनी बंद करणार. सुटे भाग पुढल्या वर्षापर्यंतच’… हो. तीच, तुझीच… आतलं कोण काढून नेणार? तसं नाही. पण बाहेरचा, कानामागचा तुकडा बिघडला, की… हो. मग काही नाही… पुढे? ‘निर्णयाचं गुंतवणूकदारांकडून स्वागत. शेअर नऊ टक्क्यांनी वर’… हो, ‘स्वागत’च छापलंय… नको रे असली थट्टा करूस… एक मिनिट हं. कोट उद्या, साहेब. उद्या नक्की… हं, बोल.

“मी कुठे रडतेय… तू मला काय समजावतोस, तुझा कान… नशीब? नशीब नाही ते. ऐक जरा. मध्ये बोलू नकोस. डॉक्टरांनी दोन कंपन्या सांगितल्या होत्या… एक नाही, दोन. तुला तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. ते बोलायचे, मी तुला पाटीवर लिहून द्यायचे… आठवतंय ना? मी लिहिलं, डॉक्टर म्हणतात ही नवी घ्या… हो, तेच. रोज पेपरात नाव यायचं तिचं. मंत्री फीत कापतोय, शेअर दुप्पट होतोय. मला वाटलं, जिच्याबद्दल एवढं छापून येतं ती मधेच हात कशी सोडेल… नाही, पुरतं बोलू दे मला…

“डॉक्टर म्हणाले होते, जुनी घ्या, साधी आहे पण वीस वर्षं साथ देईल. पाटीवर मी ते लिहिलंच नाही. नवी घे, हे त्यांचं नव्हतं रे. माझं होतं.”