म्हशीनं ओळखलेली फटफटी

खोटं वाटेल तुम्हाला, पण माझ्या गाडीची पहिली परीक्षा एका म्हशीनं घेतली. टाकव्याच्या आबांच्या गोठ्यात वर्षानुवर्षं गंजत पडलेली मोटारसायकल मी विकत घेतली आणि घरच्या पडवीत अख्खी खोलून पुन्हा जोडली. जुना फुटका सायलेन्सर तेवढा बदलायचा राहिला होता. तशीच फटफटत आबांना दाखवायला नेली. धुक्यात गाडी दिसायच्या आधी ऐकू गेली असणार, कारण मी पोचलो तेव्हा त्यांची म्हातारी म्हैस उठून रस्त्याकडं बघत रेकत होती.

"ह्या फटफटीवरनंच वैरण आनायचो मी," आबा म्हणाले. "तिला वाटलं, मीच आलो."

"पण आबा, तुम्ही तर तिच्या शेजारीच बसलाय!"

"व्हय," आबा हसले, "पर ती तरण्या आबाची वाट बघतीय."