तिसरं वाक्य

"हॅलो?… हो, मीच. बोल गं छोटे… अगं, कामात आहे. तोच निकाल लिहितेय… हो, त्या तोफेचा."

तोफ म्हणजे रोज वाहिनीवर बसून पत्रकारांना झोडपणारा टीकाकार. जाहीर बोलण्याच्या मर्यादा कुणी ओलांडल्या का, हे तपासणाऱ्या समितीवर ताई होत्या. निकालाचा कागद समोर होता. सही तेवढी राहिली होती.

"अगं ऐक ना, मी कुठे त्याचं तोंड बंद करतेय? पहिलं वाक्य, 'पत्रकार मंत्र्यांच्या ताटाखालची मांजरं झालेत.' बोचरं आहे, पण मत आहे त्याचं. चालेल. दुसरं, 'त्या बातमीदार बाईनं पैसे खाल्ले.' पुरावा दे म्हटलं तर हसला. आणि तिसरं… तिची गल्ली, घराचा रंग, मुलीची शाळा सुटायची वेळ सांगून म्हणतो, 'जा, भेटून या तिला.' ही काय टीका झाली?… नाही गं, त्या हल्ल्यापासून अजून दवाखान्यातच आहे ती बातमीदार. डोळ्याचं काही सांगत नाहीत."

"काय?… मी सौम्य लिहू?… तू कधीपासून यात पडायला लागलीस? आणि हे 'आपण विचार करावा' काय? जन्मात मला अहो-जाहो केलं नाहीस!"

पलीकडे कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. मेहुणे तर या वेळी कामावर असायचे.

"छोटे… घरी कोण आलंय?… मीटर बघायला? दोघं?… आणि बसलेत?… बरं. नुसतं हो-नाही म्हण. ओळखीचे आहेत?… आपलं बोलणं ऐकतायत?…"

ताईंनी आवाज चढवला.

"मग ऐकू देत. निकाल सकाळीच गेला. सही करून, शिक्का मारून. आता कुणी काहीही केलं तरी तो बदलत नाही. तुझ्या घरात बसून कुणाच्या हाती काही लागणार नाही… हॅलो?… कोण?… नमस्कार. हो, मी थोरली बहीण… हो, मीच केली सही… धमकी नाही? बरं. मग बहिणीला फोन द्या."

खुर्ची सरकली. मग दार आपटलं.

"छोटे? गेले?… कडी लाव. वरचीसुद्धा… रडू नकोस गं, बाळा… जाताना काय म्हणाले?… माझा पत्ता विचारला?… विचारला नाही? मग?… वाचून दाखवला? बरोबर आहे का म्हणून?… तू काय म्हणालीस?… काहीच नाही ना? शहाणी. आता शेजारच्या काकूंना हाक मार, त्यांना तुझ्याकडे बोलाव. मेहुण्यांना फोन कर. पोलिसांना मी कळवते… नाही, मी कुठेही जात नाही. एक काम राहिलंय… काही नाही गं. ठेव तू."

फोन ठेवून ताईंनी कागदाखाली पूर्ण नाव लिहून सही केली. वेळेच्या रकान्यात सकाळची वेळ नाही घातली, खरी घातली: तीन वाजून दहा मिनिटं. कागद समितीकडे पाठवला, पोलिसांना फोन केला, आणि मगच उठून आपल्या दाराची कडी लावली.