ताईची तीन चाकांची गाडी

चूक माझी होती आणि नाव मी ताईचं घेतलं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळायची नाही. मी टेमघरचा, बाप कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, मी लूम फिटर झालो, पाने-पकडी हातात घेऊनच मोठा झालो म्हणा ना. ताई माझ्याहून मोठी, लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय गेला, तरी वळ गावातल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगची ड्युटी करते, आणि शेअर रिक्षावाले काय करायचे, कुबडी दिसली की न थांबता पुढं. एकदा मी म्हटलं, ताई, तुला मीच गाडी करून देतो.

जुनी मोटरसायकल घेतली, मागून कापली, पाइपांची चौकट वेल्डिंग केली, आणि मागं एका एक्सलवर, एकाच दांड्यावर म्हणा, दोन चाकं पक्की बसवली. लूमवर कसं, शाफ्टवर जे जे बसवलंय ते सगळं एकदम फिरायला पाहिजे, नाहीतर कापड बिघडतं. तेच डोक्यात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी, हे मनातच आलं नाही. गल्लीत ढकलताना गाडी वळायची नाही, मी मागून उचलून वळवायचो आणि म्हणायचो, नवी आहे, होईल मोकळी.

नाही झाली. ताईनं कोपऱ्यावर हँडल पूर्ण वळवलं आणि गाडी सरळ जाऊन भिंतीला धडकली. मनगट मोडलं तिचं. माणसं जमली, कुणी म्हणालं, काय फिटरसाहेब, गाडी बनवलीत का रणगाडा, आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडून निघून गेलं, गाडी बरोबर हाय, हिलाच चालवता येत न्हाय. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, हो रे, माझाच हात चुकला असेल. तिनं ते खरं मानलं हो. मनगट जुळलं, पण पुन्हा हँडलला हात लावला नाही, परत रिक्षाची वाट बघत उभी.

गाडी ताडपत्रीखाली पडून राहिली. मग सगळीकडं बॅटरीच्या रिक्षा दिसायला लागल्या, तेव्हा वाटलं इंजिनच काढून टाकावं, क्लच नको, गियर नको, तिला सोपं जाईल. बघा, तेव्हाही मी तिलाच कमी समजत होतो. भंगारवाल्याकडून बॅटरी रिक्षाचा मागचा एक्सल आणला, मोटर त्यालाच जोडलेली. विटांवर ठेवला, पुसायला म्हणून एक चाक पुढं फिरवलं, तर दुसरं मागं फिरलं. मी थांबलो. परत फिरवलं, परत ते उलटं. झाकण खोललं तर आत लहान लहान दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली. खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला. एवढी वर्षं मशिनीत काढली, असं काही बघितलं नव्हतं. कुणीतरी बसून विचार केला असेल, की ताकद दोघांना सारखी द्यायची, पण ज्याला जितकं चालायचंय तितकं त्याला चालू द्यायचं. आणि बघता बघता तो कोपरा डोळ्यांपुढं आला.

गाडी जोडली, चावी फिरवली, तर आवाजच नाही. जन्म लूमच्या खडखडाटात गेलेला माणूस मी, मला कळेना ही चालू झाली की नाही. मूठ पिळली तशी निघाली, आणि कोपऱ्यावर पाण्यासारखी वळली.

ताई म्हणाली, छान झाली रे, पण मला नको, मला जमत नाही ते. गल्लीतली तीच माणसं बघायला जमलेली. मी गाडी मागून विटांवर चढवली आणि म्हटलं, ताई, चाक फिरव. तिनं फिरवलं, दुसरं उलटं गेलं, ती लहान पोरीसारखी हसली, आणि मग हसायची थांबली. जुन्या गाडीला हे नव्हतं का रे, म्हणाली.

नव्हतं ताई, मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तुझा हात बरोबर होता, गाडीच वळणारी नव्हती, आणि ती वळत नाही हे ढकलताना मला दिसलं होतं. तरी मी तुझं नाव घेतलं. मला माफ कर.