ऑर्फाच्या रायफलचा पुढचा स्क्रू

नाही, वर नको जाऊस मर्ल — ऑर्फा झोपलीय. म्हणजे झोपली नसेल, पडलीय नुसती, पण तू इथंच बस तळघरात, त्या पेटीवर बस, मोडत नाही ती, माझ्या वजनाला टिकलीय तर तुझं काय घेऊन बसलास. पुढच्या दाराची घंटा बिघडलीय म्हणून तुला मागच्या दारानं घेतलं — बरं, बिघडलेली नाही, मीच वायर काढलीय, ते जाऊ दे. कॉफी घे. रायफल बघायची म्हणतोस ना? दाखवतो. ती काय, कापडात गुंडाळून ठेवलीय. पण आधी माझं ऐक. मी फारसा बोलत नाही, तुला ठाऊक आहे, नेमबाजीच्या क्लबात मला सगळे 'ऑर्फाचा नवरा' एवढंच ओळखतात — हसू नकोस, तूच म्हणाला होतास एकदा, अग्निशमनवाल्यांच्या पॅनकेकच्या न्याहारीला, सगळ्या टेबलासमोर — हा बघा ऑर्फाचा नवरा आला. मीही हसलो होतो तेव्हा.

ही रायफल घेतली कुणी? मी घेतली. ऑर्फाच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला त्या वर्षी. पट्टी सुटली आणि बाई जी अंगणात जाऊन उभी राहिली — एलवुड, मेपलच्या शेंड्याचं पान न् पान दिसतंय! आठवडाभर तेच. कुंपणातला खिळा दिसतोय, पलीकडच्या टेकडीवरची गाय कान हलवतेय ते दिसतंय. मग एक दिवस म्हणाली, एवढं लांबचं दिसतंय तर त्याचं काहीतरी करायला हवं. तिचे वडील तिला लहानपणी बावीस बोअरच्या छोट्या रायफलनं डबे पाडायला शिकवायचे. झालं, मी गेलो हार्डवेअरच्या दुकानात, तिथं मागच्या भिंतीला जुन्या रायफली उभ्या असतात, त्यातली सगळ्यात स्वस्त उचलली, एकशे तीस डॉलरची. लाकडी दस्त्यावर ओरखडे, कुणीतरी चाकूनं आपल्या नावाचं अक्षर कोरलेलं, पण नळी आतून लखलखीत. बावीसला धक्का नाही, आवाज बेताचा, गोळ्या स्वस्त — सत्तरीकडे झुकलेल्या बाईला आणखी काय हवं? घरी आणली आणि इथंच, या बाकावर, तिच्या मापाची केली. तिचा हात आखूड, म्हणून दस्ता मागनं दोन बोटं कापला. मग गाल टेकवायला चेरीच्या लाकडाचा तुकडा बसवला. लाकूड मला कळतं, चाळीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत काढलीत. रोज थोडा तासायचा, तिला हाक मारायची, ती पिठाच्या हातांनी जिना उतरून यायची, गाल टेकवायची, म्हणायची अजून केसभर. पुन्हा तासायचा. अकरा दिवस चाललं होतं. मर्ल, तिचा गाल मला त्या अकरा दिवसांत जेवढा कळला ना, तेवढा पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कळला नव्हता.

मग दोन उन्हाळे आम्ही दोघंच. मागच्या मातीच्या बांधाला नेमाचा कागद लावायचा, ती टेबलाशी बसून नेम धरणार, मी शेजारी दुर्बीण घेऊन सांगणार — डावीकडं, ऑर्फा. थोडं खाली. हां, आता बसली. एवढंच बोलणं, पण आमचं तेवढं बोलणं वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. आणि तू काय केलंस? म्हणालास, ऑर्फा, गुरुवारी संध्याकाळी क्लबात ये की, पन्नास यार्डांवर सगळे मारतात, मजा येते. तू सहज म्हणालास. हो, सहजच म्हणाला असशील, मी कुठं काय म्हणतोय. बायको जाऊन तुला सहा वर्षं झाली, घरात लेथ मशीन आहे, हात रिकामे आहेत, माणूस कुणाचं तरी काहीतरी करत राहणारच.

पहिल्या महिन्यात चाप बदललास. म्हणालास, फार जड आहे, दाबताना हिचा नेम हलतो. बरं, चाप तर चाप. मग रायफलवर नेमाची दुर्बीण. मग नळी — जाड नळी, तू स्वतः लेथवर बसवलेली. मग थंडीत एका गुरुवारी ती घरी आली तर हातात किराण्याची कागदी पिशवी, आणि पिशवीत दस्ता. माझा दस्ता. मी विचारलं, गालाला टोचत होता का गं? ती म्हणाली, छे रे, टोचत कसला, पण मर्लच्या या नव्या दस्त्याला एक चाक आहे, ते फिरवलं की गालाची उंची आपोआप वरखाली होते. चाक फिरवलं की झालं! कुणाला हाक मारायला नको, कुणी जिना उतरायला नको. दुकानदार म्हणतो, कायद्यानं रायफल म्हणजे मधला तेवढा लोखंडी तुकडा, ज्याच्यावर नंबर असतो, बाकी काहीही बदललं तरी रायफल तीच. असेल. पण तो तुकडा तर कारखान्यातला आहे. माझं काय राहिलं होतं तिच्यात, सांग ना?

आणि ती चांगली मारायला लागली, हेही खरं. पाच गोळ्यांची पाच भोकं कोटाच्या एका बटणाखाली झाकली जायची. ते कागद तिनं फ्रिजवर लावले. मी दुधासाठी फ्रिज उघडायला गेलो की तुझं काम बघायचं. जेवताना मर्ल म्हणतो वारा असा बघायचा, मर्ल म्हणतो श्वास अर्धा सोडायचा. एकदा मी काकवीचा केक पुढ्यात घेऊन बसलोय, तिच्या हातचा, माझ्या आवडीचा, आणि ती म्हणते मर्लला साखरेचं पथ्य आहे, बिचाऱ्याला चालत नाही. मी बशी तशीच सरकवली. तुला पथ्य, म्हणून मी उपाशी!

आता मुद्द्याचं सांगतो. ऑगस्टात एकदा तेल द्यायला रायफल उलटी केली तर पुढच्या स्क्रूवर लाल रेघ. अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या पट्टीवर. ते नेलपॉलिश होतं, ऑर्फाचं, ती फक्त नाताळाला आणि लग्नांना लावते ते. म्हटलं, ही बाटली मर्लच्या हातात कशी गेली? तिनं पर्समधनं काढून दिली असेल, यानं ब्रश धरला असेल, ती शेजारी वाकून बघत असेल. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढं तोच ब्रश. ती रेघ कशासाठी असते मला ठाऊक नव्हतं —

ठाऊक होतं. कशाला खोटं बोलू. गिरणीत पात्याच्या नटांवर आम्हीसुद्धा रंगाची रेघ मारायचो, नट जरा हलला की रेघ तुटलेली दिसावी म्हणून. आणि तो स्क्रू लोखंडाला दस्त्याशी आवळून धरतो, त्याचा पाव फेरा इकडचा तिकडं झाला तर गोळी भलतीकडं जाते, हे न कळायला मी काय शाळकरी पोर आहे? सप्टेंबरातल्या तालुक्याच्या मॅचच्या आदल्या दिवशी, ती केस करायला गेली होती, तेव्हा मी तो सैल केला. पाव नाही, अर्धा फेरा. जुनी रेघ नखानं खरवडली आणि तिच्याच बाटलीतनं नवी मारली. एरवी कपातली कॉफी सांडते माझी, पण ती रेघ मात्र सरळ आली बघ.

उठू नकोस, पुरतं ऐक.

मला वाटलं होतं ती तुझ्यावर चिडेल. म्हणेल, मर्लच्या कामात काही दम नाही, एलवुड, तो जुना दस्ता काढ रे. एवढंच मला हवं होतं. तू तिथं होतास, बघितलंस. एक गोळी वर, एक खाली, दोन तर कागदाबाहेर. ती घरी आली, रायफल या बाकावर ठेवली आणि तुझं नाव काढलं नाही. म्हणाली, माझे डोळे गेले रे पुन्हा. मी म्हटलं, रायफलचंच काहीतरी असेल. तर म्हणते, मर्लनं बांधलेली आहे ती, ती चुकायची नाही. म्हणजे बघ! स्वतःचे डोळे गेले म्हणून मान्य करेल, पण तुझ्या कामाला बोट लावू देणार नाही! डॉक्टरकडं नेली. डॉक्टर म्हणाला, डोळे काचेसारखे स्वच्छ आहेत. बाहेर येऊन ही म्हणते, म्हाताऱ्या माणसांशी डॉक्टर गोडच बोलतात. फ्रिजवरचे कागद काढून टाकले. आणि गेल्या सोमवारी गाडीची किल्ली माझ्या हातात आणून दिली. म्हणाली, कुणाच्या लेकराला धडक बसायला नको, यापुढं तूच ने मला कुठं जायचं तर. ऑर्फा, मर्ल! बर्फातनं गाडी चालवत मला दवाखान्यात नेणारी बाई, आता भिंत धरून जिना उतरते. दिसत असताना.

आणि तुझे फोन — तीनदा आले ना? ती बाहेर गेलीय म्हणून मीच सांगितलं. घरातच होती. तिला वाटतंय, हरल्यावर तूही विसरलास. आता गुरुवारी ती घरी असते. हेच तर हवं होतं मला. समोर बसते, विणकामही घेत नाही, मांडीवर हात ठेवून नुसती बसते. मी काही दाखवायला गेलो तर म्हणते, तू सांग रे कसं आहे ते.

काल तू चौथ्यांदा फोन केलास तेव्हा वाटलं, तुला बोलवावं, तू रायफल उघडशील, स्क्रू सैल सापडेल, माझाच आवळायचा राहिला म्हणून तिची माफी मागशील आणि सगळं मिटेल. तू तसा आहेस, मागशीलही, म्हणून तर तुझा जास्त राग येतो. माझा दोष तू अंगावर घेऊ नयेस म्हणूनच कापड सोडायच्या आधी सांगितलं. असू दे, नको सोडूस. स्क्रू तिच्यासमोर आवळायचा, तिला हात लावून बघता आला पाहिजे.

मी वर जातो आता. तू बाहेर तुझ्या गाडीत जाऊन बस. ती ओसरीवर आली तर समज, मी सांगितलं. मग ये, रायफल उघड, हवं ते कर, मी मध्ये बोलणार नाही. आणि नाही आली तर — नाही आली तर तू येऊन सांग... नाही, थांब. तू नाही सांगायचंस. काही झालं तरी तू नाही. अंधार पडेपर्यंत ती दिसली नाही तर निघून जा, उद्या ये, परवा ये, पण तिच्याशी अवाक्षर बोलू नकोस. चाप तुझा, नळी तुझी, दस्ता तुझा. तो अर्धा फेरा मात्र माझा आहे, हे तिनं माझ्याच तोंडून ऐकायचं. ऊठ. कप राहू दे तिथंच, ऊठ म्हणतो ना.