गंगेत सोडलेलं कारलं

मंडळी, ऐका! आजचा सवाल साधा आहे. देवासाठी सोडलं, सोडलं म्हणतो आपण — पण जे कधी धरलंच नव्हतं, ते सोडलं तर देव त्याला त्याग म्हणेल का? थांबा, माना हलवू नका! उत्तर जहाजावर आहे.

मिरजेचे दिगंबरपंत आठल्ये आणि त्यांच्या पत्नी कुमुदताई. पंतांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, ताईंचे गुडघे दुखणारे. दोघं काशीला गेली. तिथली रीत ठाऊक आहे ना? आवडीचा एक पदार्थ गंगेला वाहायचा, जन्मभर तोंडात घालायचा नाही! ताईंनी डोळे मिटले — "गंगामाई, ह्यांचं काळीज शाबूत ठेव, मी आंबा सोडला." हापूस, पायरी, रायवळ — सगळा! कैरीचं लोणचंसुद्धा! आणि पंत? ओंजळीत पाणी घेऊन म्हणाले, "हिच्या गुडघ्यांसाठी मी... कारलं सोडलं!" अहो, आयुष्यात कारल्याला शिवले नव्हते! वर गुरुजींना सांगतात, "फार जड गेलं हो!"

पुढे लेकानं दोघांना क्रूझवर पाठवलं. क्रूझ म्हणजे काय? तरंगतं मंगल कार्यालय! पंगत उठतच नाही! तिथे एका संध्याकाळी खास बेत — नुसती गोडाची पंगत. एकामागून एक ताटल्या. ताटली परातीएवढी, आणि पदार्थ? आमच्या तीर्थाच्या पळीत मावेल एवढा!

पहिलाच आला आंब्याचा. ताईंनी नुसता वास घेतला, ताटली सरकवली.

"अगं, खा! तुला काय कळतंय? गंगा काशीला, आपण भर समुद्रात. तिला कोण सांगणार?"

"मी सांगीन," ताई म्हणाल्या.

पंतांनी दोन्ही ताटल्या पुसून काढल्या. वाया कशाला घालवा!

शेवटी आल्या चॉकलेटात बुडवलेल्या कुरकुरीत चकत्या. पंतांनी डोळे मिटले — "वा! याला म्हणतात पदार्थ!" आणखी मागवल्या! शेफ स्वतः आला. निघाला मालवणचा. म्हणाला, "साहेब, ओळखलात? पाकात मुरवलेलं कारलं!"

चमचा खाली! पंत पांढरेफटक! हसताय काय? तेवढ्यात ताई उठायला गेल्या आणि टेबल धरून थांबल्या. "आई गं!"

"कुमुद, बस! माझ्यामुळे झालं हे! मी कारलं खाल्लं!"

"अहो, ही कळ रोजचीच आहे."

"रोजची? मग मला कसं ठाऊक नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मंडळी, पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, ओंजळीतलं नव्हे. म्हणाले, "आजपासून गोड सोडलं!"

"तुमची साखर डॉक्टरांनी केव्हाच बंद केलीय. म्हणजे परत कारलंच!"

"मग काय सोडू?"

"'तुला काय कळतंय' — एवढं सोडा."

अहो, आयुष्यभर जिभेवर घोळवलेला पदार्थ तो! पंत हळूच म्हणाले, "कधीमधी... लोणच्यापुरता चालेल?"

ताई म्हणाल्या, "मी लोणचंसुद्धा सोडलंय."

बाबांनो, माउल्यांनो, आता आपापली ओंजळ उघडून बघा. आंबा सोडलाय की कारलं? हं — ते पुढच्या रांगेतले काका, माझ्याकडे काय बघता? शेजारी बघा! विचारा त्यांना, गुडघे कसे आहेत म्हणून. विचारलंत? आता वाजवा टाळी, घ्या देवाचं नाव — विचारल्याशिवाय तो ऐकत नाही!